खात्यात सव्वादोन लाख, पण डॉलर नाही: त्रिनिदादमध्ये अडकलेल्या एका पेमेंटचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातली एक घरगुती कंपनी, दोघं भाऊ आणि मोठ्या भावाच्या बायको म्हणजे वहिनी मिळून चालवतात. तांब्या-पितळेचे लोटे, थाळ्या, समया, तांब्याचं हवनकुंड, कापूर, धूप, झंडीचं कापड असा माल. कोण आहेत ते ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्यात, पण काय कशानंतर घडलं आणि अडलं कुठं ते आहे तसंच ठेवलंय. मी त्यांची एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते.

यांचा एक जुना बायर त्रिनिदादमध्ये, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर आहे, चगुआनास नावाच्या गावात. तिथं पूजेचं सामान कशाला लागतं असं अनेकांना वाटतं म्हणून सांगते, ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज भारतातून करारावरचे मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं आणि पुढची सत्तर-एक वर्षं अशी जहाजं जातच राहिली, मुख्यतः बिहार आणि उत्तर प्रदेशकडचे लोक, उसाच्या मळ्यांवर कामाला. आज देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त समाज भारतीय वंशाचा. पूजा झाली की अंगणात बांबूवर रंगीत झंडी लावतात, दिवाळीला सरकारी सुट्टी असते, चगुआनासला दिवाळी नगर नावाचा मोठा उत्सव भरतो. म्हणजे मागणी पक्की आहे, दरवर्षीची आहे.

बायर म्हणजे एक बाई, आजीने सुरू केलेलं दुकान चालवतात. दहा-बारा वर्षांचा व्यवहार, एकदाही बिल बुडालं नाही. सुरुवातीला ५० टक्के ॲडव्हान्स असायचा, मग विश्वास वाढला तसा ३० टक्क्यांवर आला आणि उरलेले पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या तारखेपासून ९० दिवसांनी.

मार्च २०२३ मध्ये ४८ हजार अमेरिकन डॉलरची ऑर्डर आली. १४,४०० डॉलर ॲडव्हान्स जमा झाला, एप्रिलच्या शेवटी न्हावा शेवाहून माल निघाला. उरले ३३,६०० डॉलर, जुलैच्या शेवटी द्यायचे होते. या बिलावर कंपनीने इथल्या बँकेकडून रुपयात उचल घेतली होती, म्हणजे पैसे उशिरा आले तर व्याजाचं मीटर चालू.

प्रश्न काय उभा राहिला

जुलैच्या शेवटी आले फक्त चार हजार डॉलर. भावांनी फोन केला तर बाईंनी सरळ आपल्या बँक खात्याचा फोटो पाठवला, त्यात त्रिनिदादचे, तिकडे म्हणतात तसं टीटी डॉलर, सव्वादोन लाखांच्या वर शिल्लक. तेव्हा दर साधारण ६.७८ टीटीला एक अमेरिकन डॉलर होता, म्हणजे आपलं अख्खं बिल फिटेल एवढे पैसे खात्यात पडून होते. बाईंचं म्हणणं एकच, "माझी बँक यूएस डॉलर देत नाही, अर्ज दिलाय, एका वेळी दोन-तीन हजार मिळतात, तेही कधी मिळतील सांगत नाहीत."

धाकट्या भावाला हे पटेना. मला म्हणाला, "ताई, पैसे आहेत, बँक आहे, दर ठरलेला आहे, मग डॉलर मिळत नाही म्हणजे काय? टाळतायत हो आपल्याला." मोठा भाऊ म्हणाला तिकडे पण नोटबंदी झाली होती ना, त्याचं काही असेल. झाली होती हे खरं, ५ डिसेंबर २०१९ ला जाहीर केलं की जुनी कागदी १०० डॉलरची नोट ३१ डिसेंबरनंतर चालणार नाही आणि तिच्या जागी नवीन पॉलिमरची नोट येईल, महिनाभरसुद्धा दिला नव्हता. पण ती घरात-गोदामात दडवलेल्या रोकडीची आणि खोट्या नोटांची गोष्ट होती, तिचा परदेशी पेमेंटशी संबंध नाही. बाईंचे पैसे बँकेतच होते.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याच वळणामुळे. बायर टाळतोय की बायरचा देश अडलाय हे ओळखता आलं नाही तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो, आणि ते ओळखायचं तर त्या देशाचा पैसा कसा चालतो ते माहीत पाहिजे.

त्रिनिदादचा डॉलर चालतो कसा

त्रिनिदाद आणि टोबॅगो १९६२ ला स्वतंत्र झाला, १९६४ ला स्वतःची सेंट्रल बँक आली आणि स्वतःचा डॉलर. आधी तो ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता, १९७६ ला अमेरिकन डॉलरला बांधला, २.४० टीटीला एक. तेव्हा तेलाचे भाव चढलेले, देश श्रीमंत होत होता. मग ऐंशीच्या दशकात तेल पडलं आणि डिसेंबर १९८५ ला दर ३.६० केला, ऑगस्ट १९८८ ला ४.२५. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं (आयएमएफ) कर्ज, सरकारी नोकरांच्या पगारात कपात, हे सगळं तिथल्या लोकांनी बघितलंय. एप्रिल १९९३ ला बांधणं सोडून दिलं, डॉलर तरंगता केला, म्हणजे दर बाजारावर सोडला, आणि तो पावणेसहाच्या आसपास गेला. परकीय चलनावरची बहुतेक बंधनंही तेव्हाच उठवली, म्हणजे त्रिनिदादचा माणूस आपल्या बँकेत डॉलरचं खातं उघडू शकतो, बाहेर पैसे पाठवू शकतो, कायदा आडवा येत नाही.

कागदावर तरंगता. पण प्रत्यक्षात बघा, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत दर ६.३ च्या आगेमागेच राहिला, नंतर थोडा सरकला आणि २०१६ च्या शेवटापासून ६.७८ च्या आसपास जवळजवळ गोठलेला आहे. खरोखर तरंगणारं चलन इतकी वर्षं एका जागी बसत नाही.

तो बसतो कारण सेंट्रल बँक त्याला धरून ठेवते. या देशात डॉलर येतात प्रामुख्याने एका दारातून, ते म्हणजे तेल आणि त्याहून जास्त नैसर्गिक वायू. पॉइंट लिसासला वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनवणारे मोठमोठे कारखाने आहेत, दक्षिणेला वायू थंड करून जहाजात भरायचा प्रकल्प आहे. या कंपन्यांची विक्री अमेरिकन डॉलरमध्ये होते, त्यांना कर भरायला आणि पगार द्यायला टीटी लागतात म्हणून त्या डॉलर देतात आणि टीटी घेतात, त्यातले काही डॉलर बँकांकडे जातात आणि कराचे बरेचसे सरकारमार्फत सेंट्रल बँकेकडे. मग सेंट्रल बँक ठराविक अंतराने व्यापारी बँकांना डॉलर विकते आणि बँका ते आपल्या ग्राहकांना देतात. अशी विक्री वर्षाला एक अब्ज अमेरिकन डॉलरच्या वर जाते. आणि एवढं करूनही पुरत नाही.

पुरत नाही कारण दाराची चौकट लहान झालीय. २०१० च्या सुमारास रोज चार अब्ज घनफुटांच्या वर वायू निघायचा, आता अडीच अब्जांच्या आसपास निघतो. २०१४ ला तेलाचे भाव कोसळले. २०१८ ला सरकारी तेलशुद्धीकरण कारखाना बंद झाला. परकीय गंगाजळी २०१४ च्या शेवटी ११ अब्ज डॉलरच्या वर होती, दहा वर्षांत ती साडेपाच अब्जांच्या आसपास उतरली. आणि बाहेरून आणायचं मात्र थांबलेलं नाही, खाण्याच्या वस्तू, औषधं, गाड्या, कपडे, ऑनलाइन खरेदी, मुलांची कॅनडा-अमेरिकेतली फी, सगळ्याला डॉलरच लागतात.

आता एखाद्या वस्तूचा तुटवडा झाला आणि भाव वाढू दिला नाही तर काय होतं, आपल्याकडे ज्यांनी रॉकेलची रांग पाहिलीय त्यांना सांगायला नको. भाव तोच राहतो आणि रांग वाढते. त्रिनिदादमध्ये डॉलरचा भाव ६.७८ च आहे, फक्त त्या भावाने मिळायला थांबावं लागतं, आणि किती थांबायचं ते तुमचा बँकेशी संबंध कसा आहे, तुम्ही काय आयात करता, केवढे मोठे आहात यावर ठरतं. उत्पादन करून निर्यात करणाऱ्यांसाठी तिथल्या एक्झिम बँकेमार्फत २०१८ पासून वेगळी सोय आहे, कोविडमध्ये अन्न आणि औषधं आणणाऱ्यांनाही तशी दिली. पितळी लोटे आणणाऱ्या दुकानाला अशी कुठलीच सोय नाही. नंतर तर बँकांनी क्रेडिट कार्डावरच्या डॉलर खर्चाच्या मर्यादासुद्धा कमी केल्या.

मग दर वाढू का देत नाहीत? नाणेनिधी बरीच वर्षं सांगतोय की दरात लवचिकता आणा. पण देश खातो तेच मुळात बाहेरून आणून, दर आठ-नऊवर गेला तर पिठापासून औषधापर्यंत सगळं महागेल, आणि १९८५-८८ ची आठवण असलेले लोक अजून मतदार आहेत. माझं मत विचाराल तर मला दोन्ही बाजू कळतात, पण गोठलेल्या दराचा फायदा ज्याला डॉलर मिळतो त्यालाच होतो आणि आमच्या बाईंसारखे छोटे दुकानदार रांगेच्या शेवटी राहतात, हे मला अन्यायाचं वाटतं.

एक लक्षात ठेवा, 'कॅरिबियन' म्हणून सगळे देश एका हिशोबात धरू नका. बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून दोनाला एक असा अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, पूर्व कॅरिबियनच्या आठ छोट्या प्रदेशांचा मिळून एकच डॉलर आहे आणि तो १९७६ पासून २.७० ला, जमैकाचा खरंच तरंगतो आणि २०२३ ला दीडशेच्या वर होता. जमैकाच्या बायरला डॉलर महाग पडतो, त्रिनिदादच्या बायरला तो स्वस्त दिसतो पण हातात येत नाही. निर्यातदाराला दुसरी अडचण जास्त बाधते, कारण महागाई किमतीत धरता येते, रांग कशात धरणार?

कोणते पर्याय तोलले

ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही चौघं बसलो. पहिला निर्णय बाईंवर विश्वास ठेवायचा की नाही हा होता. खात्याचा फोटो कुणीही बनवू शकतं, म्हणून वहिनींनी त्यांच्याकडून बँकेत दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत मागितली, आणि त्याच गावातल्या दुसऱ्या एका दुकानदाराला माल देणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याकडे चौकशी केली. त्याचीही तीच रड होती, तुकड्या-तुकड्यात पैसे येतायत. तिथं ठरलं की बायर खरी आहे. आता पैसे आणायचे कसे?

टीटी डॉलरच घ्यायचे का, असं धाकट्याने विचारलं. नाही घेता येत. इथली कुठलीच बँक ते रुपयात बदलून देणार नाही, आणि तिथं खातं काढून ठेवले तरी पुन्हा तोच प्रश्न, त्यांचे डॉलर कोण करणार. रुपयात बिल करायचं का? जुलै २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रुपयात परदेशी व्यापार करायची पद्धत आणलीय, पण बाईंना रुपये मिळवायला तरी काय द्यावं लागेल? तिथली बँक टीटी घेऊन रुपये देत नाही. मूळ अडचण जिथल्या तिथं. (पुढे २०२५ ला त्रिनिदादने आपलं यूपीआय स्वीकारायचं ठरवल्याची बातमी आली तेव्हा धाकट्याचा आनंदाने फोन आला होता, त्यालाही हेच सांगितलं की यूपीआय पैसे पोचवायचा रस्ता आहे, त्या रस्त्याने पाठवायला डॉलर त्यामुळे तयार होत नाहीत.)

बाईंनी स्वतःहून सुचवलं की बाहेर ओळखीच्या लोकांकडून डॉलर घेते, सात-आठ टीटी द्यावे लागतील, जो फरक पडेल तो मी सोसते. बिचाऱ्या मनापासून म्हणत होत्या. पण हे आम्ही तिथंच थांबवलं. परवाना नसलेल्याकडून चलन घेणं तिथं बेकायदा, आणि तो पैसा कुठून आलेला असेल ते कुणाला माहीत, उद्या आपल्या बँकेने विचारलं की हे डॉलर कोणी पाठवले तर दाखवायला कागद नाही. धाकटा भाऊ यावर नाराज होता कारण व्याज चालू होतं. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यात बरोबर निर्णय हाच होता.

बाईंचा सख्खा भाऊ न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये रिचमंड हिलला राहतो, तो भाग म्हणजे कॅरिबियन-भारतीय लोकांची वस्तीच. त्याचं दुकान आहे, कमाई डॉलरमध्ये. तो काही रक्कम आपल्याला थेट देऊ शकतो का? तिसऱ्या माणसाकडून निर्यातीचं पेमेंट घ्यायला रिझर्व्ह बँक परवानगी देते पण अटी आहेत, ऑर्डरमध्ये किंवा बिलावर त्याचं नाव पाहिजे, निर्यातीच्या घोषणापत्रात तसं लिहिलेलं पाहिजे, पैसे बँकेतूनच आले पाहिजेत, आणि व्यवहार खरा आहे अशी आपल्या बँकेची खात्री पटली पाहिजे. इथं त्याचं नाव कुठंच नव्हतं कारण माल निघाला तेव्हा कुणाच्या डोक्यातही हे नव्हतं. तरी पर्याय जिवंत ठेवला.

उरला विमा. कंपनीची ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी होती. मोठ्या भावाला थकबाकी कळवायची नव्हती, म्हणाला "बाईंचं नाव खराब होईल, इतक्या वर्षांचे संबंध आहेत." वहिनी ठाम होत्या की कळवायचंच. मला वहिनींचं पटलं, कारण वेळेत कळवलं नाही तर नंतर दावाच उभा राहत नाही, आणि यात एक बारीक गुंता होता. बायर पैसे देत नाही ही एक जोखीम, आणि बायरच्या देशाने पैसे बाहेर जाऊ दिले नाहीत ही वेगळी जोखीम. इथं बायर द्यायला तयार, सरकारने बंदी घातलेली नाही, फक्त बँकेकडे डॉलर नाहीत. हे नक्की कुठल्या खणात बसेल हे आधी कागदावर आलेलं बरं.

काय केलं

ऑगस्टमध्येच थकबाकी कळवली, बाईंच्या बँकेच्या अर्जाच्या प्रती जोडून. बाईंना आधी फोन करून सांगितलं की हे तुमच्याविरुद्ध नाही, नियम आहे. त्यांनी समजून घेतलं.

मग बाईंनी दुसऱ्या एका बँकेत, जिथं त्यांच्या दुकानाचं कर्ज होतं, तिथंही डॉलरसाठी अर्ज टाकला. दर आठवड्याला दोन्हीकडे अर्ज, जेवढे मिळतील तेवढे पाठवायचे, साठवायचे नाहीत. ऑगस्टमध्ये तीन हजार आणि अडीच हजार आले. प्रत्येक वेळी तिथल्या बँकेचा चार्ज, मधल्या बँकेचा चार्ज, इथल्या बँकेचा चार्ज, तीन हजारामागे तो चांगलाच बोचतो, पण व्याज त्याहून जास्त बोचत होतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी कार्डावरून चार हजार भरले, त्यावरही फी गेली.

दुसरा अवघड निर्णय सप्टेंबरचाच. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि बाईंची वीस हजार डॉलरची दुसरी ऑर्डर तयार होती, माल पॅक होऊन गोदामात पडलेला. समुद्रमार्गाने आता पोचणार नाही म्हणून अर्धा माल विमानाने पाठवा असं त्या म्हणत होत्या. धाकटा भाऊ म्हणाला पाठवू, दिवाळीत त्यांची विक्री झाली तर आपलेही पैसे सुटतील. ऐकायला बरोबर वाटतं, पण विक्री होईल ती टीटीमध्ये. बाईंकडे टीटी कमी नव्हतेच, ते आणखी वाढले तर आपल्याला काय उपयोग? उलट डॉलरच्या त्याच रांगेत आपलं दुसरं बिल पहिल्याच्या मागे उभं राहिलं असतं. शिवाय थकबाकी कळवलेली असताना त्याच बायरला विचारल्याशिवाय नवीन माल पाठवला तर विम्याचं कव्हर धोक्यात येतं. शेवटी ठरलं की पूर्ण ॲडव्हान्स आला तरच पाठवायचा. तो आला नाही. माल थांबला.

यावरून घरात दोन दिवस बोलणं बंद होतं म्हणे. मी धाकट्याला दोष देत नाही, माल पडून राहताना बघणं सोपं नसतं.

ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या भावाचं प्रकरण बँकेत लावलं. बाईंचं पत्र, भावाचं पत्र, दोघांच्या नात्याचा पुरावा, त्याच्या दुकानाची कागदपत्रं, मूळ बिल, शिपिंग बिल म्हणजे माल बाहेर पाठवताना कस्टम्सला दिलेला कागद, आणि तो पैसे का देतोय याचा खुलासा. आमच्या बँकेच्या शाखेत असं प्रकरण आधी आलेलं नव्हतं, कागद वर गेले, प्रश्न आले, पुन्हा उत्तरं दिली. दीडेक महिना त्यात गेला. नोव्हेंबरच्या शेवटी त्याचे दहा हजार डॉलर जमा झाले.

एक घड्याळ पाठीमागे टिकटिकत होतंच. निर्यातीचे पैसे तेव्हाच्या नियमाने ९ महिन्यांत आले पाहिजेत, म्हणजे आमच्यासाठी जानेवारी २०२४ चा शेवट. नाही आले तर बँकेच्या सिस्टिममध्ये ते शिपिंग बिल उघडं दिसत राहतं, मुदतवाढ मागावी लागते. मी डिसेंबरच्या सुरुवातीलाच मुदतवाढीचा अर्ज तयार करून ठेवला होता, द्यायची वेळ आली नाही.

निकाल

उरलेले १०,१०० डॉलर ऑक्टोबर ते जानेवारी असे तुकड्यांनी आले, शेवटचा तुकडा जानेवारीच्या मध्यावर. बिल पूर्ण फिटलं, विम्याचा दावा करावा लागला नाही, बाईंशी संबंध टिकले.

पण फुकटात नाही. जादा व्याज आणि सगळीकडचे चार्जेस मिळून लाखभर रुपये गेले. एप्रिलमध्ये डॉलर ८२ च्या जवळपास होता आणि जानेवारीत ८३ च्या वर, त्यामुळे थोडं भरून निघालं, पण तो योगायोग होता, रुपया उलटा फिरला असता तर तोही फटका बसला असता. दिवाळीची ऑर्डर गेलीच. त्यातले लोटे-थाळ्या नंतर इथल्या घाऊक बाजारात कमी भावाने गेल्या, झंडीचं कापड मात्र इथं कोण घेणार, ते पुढच्या वर्षीसाठी ठेवावं लागलं. बाईंचंही नुकसान झालं, ऐन दिवाळीत त्यांच्या दुकानात माल कमी होता आणि शेजारच्या मोठ्या दुकानात भरपूर होता.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ॲडव्हान्स ५० वरून ३० टक्क्यांवर आणला तो निर्णय. तो बाईंच्या इतिहासावर घेतला होता आणि बाईंच्या बाबतीत तो बरोबरच होता. पण त्याच वर्षांमध्ये देशाची डॉलरची परिस्थिती उलट्या दिशेने चालली होती, गंगाजळी उतरत होती, आणि ती माहिती उघड होती. पैसे तुकड्यात यायला २०२३ च्या बरंच आधी सुरुवात झाली होती, एक बिल दोन हप्त्यात, मग तीन. रक्कम पूर्ण येत होती म्हणून कुणी विचारलं नाही की तुकडे का होतायत. तिथं एक प्रश्न विचारला असता, "तुम्हाला महिन्याला डॉलर मिळतात किती?", तर ४८ हजारांची ऑर्डर ९० दिवसांच्या उधारीवर घेतलीच नसती. महिन्याला पाच-सहा हजार डॉलर मिळणाऱ्या माणसाला ९० दिवसांत ३३ हजार जमणार नाहीत, साधा भागाकार आहे.

दुसरं, न्यूयॉर्कच्या भावाचं नाव पहिल्याच दिवशी ऑर्डरमध्ये आणि घोषणापत्रात घातलं असतं तर बँकेतला तो दीड महिना वाचला असता आणि दिवाळीची ऑर्डरही कदाचित वाचली असती. ज्या बायरचे नातेवाईक अमेरिका-कॅनडात आहेत, आणि त्रिनिदादमध्ये असं घर सापडणं अवघड नाही, तिथं हे आधीच विचारून ठेवायला काहीच हरकत नाही.

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट), म्हणजे बायरच्या बँकेने पैसे द्यायची घेतलेली लेखी हमी, तिच्याबद्दल मला बरेच जण विचारतात, एलसी घेतली असती तर? इथं माझं मत थोडं वेगळं आहे. एलसी उघडायलाही तिथल्या बँकेला डॉलरची जबाबदारी घ्यावी लागते, ज्या बँकेकडे ग्राहकाला द्यायला तीन हजार नाहीत ती ३३ हजारांची एलसी छोट्या दुकानदाराला सहज उघडून देणार नाही, दिली तर पूर्ण रक्कम अडकवून ठेवेल. मोठ्या आयातदारासाठी एलसी मागा. छोट्यासाठी ती मागणं म्हणजे बहुतेक वेळा ऑर्डर नाकारणंच.

शेवटी तोडगा निघाला तो वहिनींच्या डोक्यातून, आणि मला तो आवडला कारण त्यात रांगेचा वेळ हिशोबात धरलाय. बाईंनी आपल्या बँकेत अमेरिकन डॉलरचं खातं उघडलं, तिकडे त्याला मनाई नाही. वर्षभर जेव्हा मिळतील तेव्हा हजार-दोन हजार डॉलर घेऊन त्या खात्यात ठेवतात. आधी त्या माल मागवायच्या आणि मग डॉलर शोधायच्या, आता डॉलर जमतात आणि मग ऑर्डर निघते. खात्यात ऑर्डरच्या साठ टक्के जमले की ते ॲडव्हान्स म्हणून येतात, माल निघतो, उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी १२० दिवस दिलेत, आणि भावाचं नाव प्रत्येक ऑर्डरवर असतं. ऑर्डरी लहान झाल्या, वर्षाला एक मोठी असायची तिथं तीन. त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाढला, तो दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेतलाय.

२०२४ ची दिवाळी ३१ ऑक्टोबरला होती. माल ऑगस्टच्या शेवटी पॉइंट लिसासच्या बंदरात उतरला आणि त्याचं शेवटचं पेमेंट मुदतीच्या नऊ दिवस आधी आलं. धाकटा भाऊ आता गयानाच्या एका बायरशी बोलतोय, आणि त्याने माझ्याकडे पहिली चौकशी केली ती गयानाच्या डॉलरची.